उपचार संपल्यानंतरचं काम: तरुण वयात कर्करोग होऊन गेलेल्यांसाठी

शेवटचं सलाइन उतरतं, हातातली सुई निघते, डॉक्टर म्हणतात, "तीन महिन्यांनी दाखवायला या." घरच्यांच्या लेखी गंगेत घोडं न्हालेलं असतं. तुम्ही घरी येता, जिना चढायला लागता आणि सहाव्या पायरीवर कठडा धरून उभे राहता. आजार गेला ना? मग हे काय?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कर्करोगाचे उपचार संपलेल्या तरुण मुलामुलींबरोबर काम करते. मुलंमुली म्हणायची सवय लागली आहे. वैद्यकात हा गट साधारण १५ ते ३९ वयाचा धरतात, म्हणजे त्यात दोन लेकरांचे आईबापही आले. साठीतला माणूस उपचारांनंतर आपल्या जुन्या आयुष्यात परत जातो. बाविशीतल्या माणसाचं तसं आयुष्य अजून उभंच राहिलेलं नसतं. शिक्षण अर्धवट, नोकरी नवी किंवा नाहीच, जोडीदार मिळायचा, मूल हवं की नको हे ठरायचं. आणि औषधांचे उशिरा दिसणारे परिणाम घेऊन पुढची चाळीस-पन्नास वर्षं काढायची असतात.

फिट्झह्यू मलन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांना वयाच्या ३२व्या वर्षी कर्करोग झाला. त्यांनी १९८५ साली मांडलं की एका बाजूला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला बरे झालेले, असं काही नसतं. आधी उपचारांचा काळ, मग उपचार थांबल्यानंतरचा धाकधुकीचा काळ, आणि मग कधीतरी स्थिरावलेलं आयुष्य. मधल्या काळात शरीर थकलेलं असतं, भीती जागी असते आणि रुग्णालयाचा आधार मात्र सुटलेला असतो. हा लेख त्या मधल्या काळासाठी आहे.

सुरुवातीलाच सांगते: पुनर्वसन आपणहून क्वचितच कुणी देतं, ते मागावं लागतं. ऑन्कोलॉजिस्टचं, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाचं, लक्ष गाठ परत येते का याकडे असतं, आणि ते तिथेच असायला हवं. "मला जिना चढता येत नाही", "वाचलेलं लक्षात राहत नाही" हे तुम्ही बोललात तरच त्यांच्या कागदावर येणार. "कसं काय?" या प्रश्नाला "बरंय" म्हणून मोकळं व्हायची आपली सवय इथे नडते.

पहिली पायरी: कागद

तुमच्या उपचारांचा एक-दोन पानी सारांश मागून घ्या. फाइल नव्हे, सारांश. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या पिशवीत चारेकशे पानं होती: रोजचे रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या, सगळं. नेमकं जे हवं होतं, ते कुठेच नव्हतं.

सारांशात काय हवं? आजाराचं नेमकं नाव आणि टप्पा. उपचार कधी सुरू झाले, कधी संपले. प्रत्येक केमोच्या औषधाचं नाव आणि त्याचा एकूण डोस. रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला आणि किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक). शस्त्रक्रिया कोणती, आत काही बसवलंय का, गाठींबरोबर लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या का. मध्ये काही मोठी गुंतागुंत झाली का. शुक्राणू किंवा बीजांडं गोठवून ठेवली असतील तर कुठे. आणि पुढे कोणत्या तपासण्या, किती दिवसांनी, कुणाकडे.

डोसचा एवढा आग्रह का, ते सांगते. डॉक्सोरुबिसिन आणि त्याच्या कुळातली औषधं हृदयाच्या स्नायूवर परिणाम करतात आणि तो परिणाम कधी कधी काही वर्षांनी उघड होतो. एकूण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झाला असेल, तर धोका जास्त मानतात आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) अधिक काटेकोरपणे करत राहतात. ब्लिओमायसिन हे फुप्फुसांना इजा करू शकणारं औषध मिळालं असेल तर पुढे कधीही, अगदी अपेंडिक्सचं ऑपरेशन असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगायचं. जास्त प्रमाणात दिलेला ऑक्सिजन अशा फुप्फुसांना सोसेलच असं नसतं. दहा वर्षांनी हे तुम्हाला आठवेल का? डॉक्टर बदलतात, जुन्या नोंदी सापडेनाशा होतात. म्हणून सारांश आत्ताच घ्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक प्रत घरातल्या भरवशाच्या माणसाकडे द्या.

दुसरी पायरी: काय जमत नाही, त्याची यादी

"मला पहिल्यासारखं व्हायचंय" असं बहुतेक जण म्हणतात. ते मोजता येत नाही, त्यामुळे रोज हरल्यासारखं वाटतं. त्याऐवजी जमत नसलेली कामं लिहा: केस धुताना हात वर धरवत नाहीत. शर्टाची बटणं लागत नाहीत. तासभर बसून वाचता येत नाही. गर्दीच्या बसमध्ये उभं राहवत नाही. यातली कोणती एक गोष्ट जमली तर दिवस सर्वांत सोपा होईल? तिथून सुरुवात करा.

बरोबरीने दोन साधी मापं घ्या. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं, ते मोजा. आणि सपाट जागेवर ६ मिनिटांत किती अंतर चालता येतं, ते. पहिल्यांदा मोजताना जवळ कुणीतरी असू द्या. महिन्याने पुन्हा मोजा. रोज मोजू नका, नुसती चिडचिड होते.

यादी हातात असली की कुणाकडे जायचं तेही उलगडतं. ताकद, तोल, सांधे, श्वास यांसाठी फिजिओथेरपिस्ट. बटणं, लिहिणं, अंघोळ, कामाची जागा यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गिळणं आणि आवाज यांसाठी स्पीच थेरपिस्ट. हे डोक्या-मानेच्या कर्करोगात फार महत्त्वाचं आहे आणि तिथे उशीर केला की जड जातं. विसरभोळेपणा फार वाटत असेल तर न्यूरोसायकॉलॉजिस्ट. हे सगळे लागतीलच असं नाही. पुष्कळांचं एका फिजिओवर भागतं, आणि हे मी स्वतः फिजिओ आहे म्हणून म्हणत नाही.

तिसरी पायरी: व्यायामाआधीची चौकशी

व्यायाम सुरू करायचाच आहे, पण आधी डॉक्टरांना विचारा: "मला मिळालेल्या औषधांमुळे कुठे जपायला हवं?"

हृदयावर परिणाम करणारी औषधं किंवा छातीला रेडिएशन मिळालं असेल, तर शेवटचा इको कधीचा आहे ते बघा. जड वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) भरपूर स्टेरॉइड घेतले असतील आणि जांघेत किंवा गुडघ्यात दुखत असेल, लंगडल्यासारखं होत असेल, तर "स्नायू आखडला असेल" म्हणत ताणत बसू नका. स्टेरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, बहुतेकदा खुब्याच्या सांध्यात, आणि तरुणांमध्ये हे विशेष दिसतं. एमआरआयने ते लवकर कळतं. हाडाची गाठ काढून आत धातूचा सांधा बसवला असेल तर धावणं-उड्या मारणं चालेल का, हे सर्जनच ठरवणार.

ताप, छातीत दुखणं, अचानक धाप लागणं किंवा एकाच पायाला सूज येणं, असं काही असेल त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. नव्याने सुरू झालेली पाठदुखी आणि तिच्याबरोबर पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट बघायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

चौथी पायरी: थकव्याशी व्यवहार

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

कर्करोगानंतरचा थकवा झोप काढून जात नाही. दहा तास झोपूनही माणूस पिळून काढल्यासारखा उठतो. तो आळस नाही आणि मनाचे खेळही नाहीत. उपचार संपल्यावर बहुतेकांचा थकवा हळूहळू ओसरतो, काहींचा वर्षानुवर्षं रेंगाळतो. पहिलं काम: दुरुस्त होण्याजोगं काही राहून तर गेलेलं नाही ना, ते तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड (मानेला रेडिएशन मिळालं असेल तर नक्कीच), झोप, वेदना, नैराश्य, आणि चालू असलेली गुंगी आणणारी औषधं. थायरॉइड मंदावलेली मुलगी सहा महिने स्वतःला आळशी म्हणत बसली होती, हे मी पाहिलेलं आहे.

हे सगळं ठीक निघालं, तरी थकवा उरतो. त्यावर आजवर सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे, विश्रांतीचा नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण पडून राहिलं की स्नायू आणखी झिजतात, मग तेच काम दुप्पट जड होतं, मग माणूस आणखी पडून राहतो. थकवा गेल्यावर चालायला लागू, असं म्हणणाऱ्याचा थकवा जात नाही.

किती करायचं? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ साली एक माप दिलं: आठवड्यातून तीन वेळा ३० मिनिटं, चालणं किंवा सायकल यांसारखा मध्यम दमवणारा व्यायाम, आणि दोन वेळा ताकदीचा व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही, इतपत दम. मात्र हे गाठायचं ठिकाण आहे, पहिल्या दिवसाचा पाठ नव्हे. ज्याला सहा पायऱ्या चढवत नाहीत, त्याने पाच मिनिटं चालावं, दिवसातून दोन-तीनदा. तीन-चार दिवस ते अंगाला लागलं, दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं झालं नाही, तर एक-दोन मिनिटं वाढवावी. ताकदीसाठी खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याची भरलेली बाटली. इतकं पुरे.

तरुणांची खोड वेगळीच असते. बरं वाटलं त्या दिवशी खोली आवरतात, मित्रांना भेटतात, राहिलेला अभ्यास करतात, आणि पुढचे तीन दिवस पांघरुणात. मग चौथ्या दिवशी पुन्हा तेच. हे चक्र मोडायचं तर चांगल्या दिवशी हात आखडता घ्यायला शिकावं लागतं, आणि वाईट दिवशीही थोडं का होईना, करावं लागतं. दोन आठवडे वही ठेवा: काय केलं, किती वाजता गळून गेलो. बहुतेकांना स्वतःची चांगली वेळ सापडते. जड काम त्या वेळेत टाका. अंघोळ आणि चालणं एकापाठोपाठ नको. दुपारी झोपलात तर अर्ध्या तासावर नको, नाहीतर रात्र वाया जाते.

मुंग्या आणि सूज

व्हिन्क्रिस्टीन, पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधांनी नसा दुखावतात. बोटांत मुंग्या, बधिरपणा, आग. सिस्प्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिनच्या बाबतीत औषध थांबल्यावरही काही महिने त्रास वाढत जाऊ शकतो. हे आधी माहीत नसेल तर आजार परतला म्हणून माणूस हादरतो. गरम पाणी बोटांनी नव्हे, कोपराने तपासा. तळपाय रोज बघा, कारण जखम झालेली कळत नाही. रात्री वाटेत मिणमिणता का होईना, दिवा असू द्या, आणि मागून उघडी चप्पल नको. चालताना पंजा लोंबून बोटं जमिनीला अडकत असतील तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट मिळतो. तो लावायला लाजू नका, पडून हाड मोडण्यापेक्षा तो बरा. आग आणि वेदना असतील तर ड्युलोक्सेटिनबद्दल डॉक्टरांना विचारा. नुसत्या बधिरपणावर मात्र गोळी चालत नाही, तिथे तोलाचे व्यायाम आणि वेळ.

लसिकाग्रंथी काढल्यामुळे हात किंवा पाय सुजत असेल, तर "त्या हाताने काही उचलू नकोस" हा सल्ला तुम्ही दहा जणांकडून ऐकला असेल. तो जुना झाला. स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरची एक चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. हळूहळू वाढवत वजनं उचलणाऱ्यांची सूज बिघडली नाही, उलट ती भडकण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र सुरुवात जाणकाराच्या देखरेखीखाली, आणि अगदी हलक्या वजनाने. हात लाल, गरम होऊन दुखायला लागला तर तो जंतुसंसर्ग. त्याच दिवशी डॉक्टर.

पाचवी पायरी: डोक्यातलं धुकं

शब्द ओठांवर येऊन अडकतो, परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, गॅसवर काहीतरी ठेवून विसरायला होतं. केमो ब्रेन म्हणतात याला, जरी तो फक्त केमोमुळेच होतो असं नाही. हुशारी कुठे गेलेली नसते; लक्ष टिकवणं आणि वेग, हे दोन मार खातात. उपाय साधे आणि थोडे कंटाळवाणे आहेत: सगळं लिहून ठेवा, एका वेळी एकच काम, २५ मिनिटं काम मग ५ मिनिटं सुट्टी, किल्ल्या-फोन-चष्मा यांची जागा ठरलेली. झोप बिघडली असेल तर आधी ती सुधारा, कारण अपुऱ्या झोपेवर कुठलीही युक्ती टिकत नाही.

सहावी पायरी: कॉलेज आणि कामावर परतणं

तारीख ठरवताना सगळ्यात चांगला दिवस डोळ्यांसमोर ठेवू नका, साधारण दिवस ठेवा. आधी दोन आठवडे घरी सराव करा: त्याच वेळी उठा, कपडे करून टेबलाशी बसा, निम्मे तास काम करा, प्रवासही एकदा करून बघा. मग अर्ध्या वेळाने रुजू व्हा आणि दर एक-दोन आठवड्यांनी तास वाढवा. हे वेळापत्रक डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी द्या. तोंडी ठरलेलं दुसऱ्या आठवड्यात सगळे विसरतात, कारण तुम्ही "आता छान दिसता".

सवलत मागताना "जरा सांभाळून घ्या" असं म्हटलं तर समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही. नेमकं मागा: परीक्षेला जादा वेळ, या सत्रात दोनच विषय, दर दोन तासांनी पंधरा मिनिटं, तपासणीच्या दिवशी घरून काम, दाराजवळची जागा. वरिष्ठांना तुमची गरज कळली पाहिजे, पूर्ण आजारपण सांगायला तुम्ही बांधील नाही. किती सांगायचं ते आधीच ठरवा आणि दोन वाक्यं पाठ करून ठेवा: "मध्ये आजारी होतो, उपचार पूर्ण झालेत. अजून लवकर थकतो, म्हणून महिनाभर अर्धा वेळ येणार आहे." पुढचे प्रश्न तिथेच थांबवायला हरकत नाही.

सातवी पायरी: ज्याबद्दल कुणी विचारत नाही

आई शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना डॉक्टरांना संबंधांबद्दल विचारणं जवळपास अशक्य. म्हणून एका भेटीत सरळ म्हणा, "पाच मिनिटं मला एकट्याला बोलायचंय." विसाव्या-तिसाव्या वर्षी तो तुमचा हक्क आहे, त्यात आईचा अपमान नाही.

मग विचारा. मुलींनो, पाळी परत आली म्हणजे मूल होण्याची क्षमता पूर्ण शाबूत राहिली असं नाही. रजोनिवृत्ती नेहमीपेक्षा लवकर येऊ शकते. आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असंही नाही. त्यामुळे गर्भनिरोधक कोणतं आणि किती काळ, हे विचारूनच ठरवा. पाळी लवकर बंद झाली असेल तर हाडं आणि हृदय यांच्यासाठी हार्मोन द्यायचे का, हा वेगळा प्रश्न आहे; आजार हार्मोनवर वाढणारा असेल तर उत्तर बदलतं. गरोदर राहण्याचा विचार असेल आणि हृदयाला झळ देणारी औषधं मिळाली असतील, तर आधी इको. मुलांनो, शुक्राणू परत यायला एक-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. एका वाईट रिपोर्टवर आयुष्याचा निकाल लावू नका, काही महिन्यांनी पुन्हा तपासा. कोरडेपणा, दुखणं, इच्छा न होणं, ताठरता न येणं, या सगळ्यांवर उपाय आहेत. व्रण, पोटावर लावलेली शौचाची किंवा लघवीची पिशवी, गेलेलं स्तन किंवा वृषण, याबद्दल नव्या जोडीदाराला कधी सांगायचं? माझं मत, दोघांपैकी कुणाचं मन फार गुंतण्याआधी, पण पहिल्याच भेटीत नव्हे. माझ्या माहितीतल्या काहींनी याच्या अगदी उलट केलं आणि त्यांचंही छान झालं.

आठवी पायरी: भीती

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे तोच आजार, असं वाटणार. स्कॅनच्या आधीचा आठवडा सगळ्यात वाईट. डॉक्टरांकडून एक सीमा ठरवून घ्या: कोणतं लक्षण किती दिवस टिकलं की फोन करायचा, आणि कशासाठी लगेच. मग दर दुखण्याचा निवाडा एकट्याने रात्री दोन वाजता करावा लागत नाही. स्कॅनच्या दिवशी बरोबर कोण येणार आणि रिपोर्ट कधी, कुणाकडून कळणार, हे आधीच नक्की करा.

दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. जगावंसं वाटत नाही असा विचार आला, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या. "कर्करोगाशी लढलास, आता याला काय घाबरतोस" असं म्हणणाऱ्यांकडे त्या वेळी जाऊ नका. ज्यांनी हे भोगलंय अशा समवयस्कांचा गट मिळाला तर एकदा बसून बघा. नाही पटला तर उठून या.

घरच्यांसाठी एवढंच: त्याचं ताट उचलून ठेवू नका, त्याला उचलू द्या. आजारपणात तुम्ही सगळं केलंत, ते गरजेचं होतं. आता तेच त्याला पांगळं करतं.

पुढच्या वर्षांसाठी

मूळपेशींचं (स्टेम सेल) प्रतिरोपण झालं असेल तर लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात. इतरांनीही कोणती लस कधी घ्यायची ते विचारावं, विशेषतः जिवंत विषाणूंच्या लसी. तरुण वयात छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलींची स्तनांची तपासणी इतर स्त्रियांच्या कितीतरी आधी सुरू होते. वयाची २५ वर्षं किंवा रेडिएशननंतर ८ वर्षं, यातलं जे नंतर येईल तिथून, असा मुलाबाळांच्या कर्करोगतज्ज्ञांचा प्रचलित नियम आहे. सिस्प्लॅटिन घेतलेल्यांनी कान आणि मूत्रपिंड तपासून घ्यावं. तंबाखू, सिगारेट बंद. यात मधला मार्ग नाही.

पुढच्या भेटीला जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या: माझ्या औषधांमुळे पुढे काय होऊ शकतं, ते लवकर कळावं म्हणून कोणती तपासणी कधी करायची, आणि मला फिजिओकडे पाठवता का. उत्तरं तिथेच खुर्चीत बसून लिहून घ्या. जिना उतरेपर्यंत अर्धी विसरलेली असतात.